एकेचाळीसचं पहिलं रक्त

सेंट लुईस
११ मार्च २०१९

प्रिय कोरिन,

तेहतीस वर्षांनी पत्र लिहिताना मायना काय घालावा यातच सकाळ गेली. शेवटी 'प्रिय' ठेवलं. तुला नको असेल तर खोड आणि पुढे वाच.

पत्ता शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या अंकात मिळाला. कोरिन टेबो, सेंट वाल्बुर्गा, १९७४ची तुकडी, डुलुथच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त. तू शिकवत होतीस हे वाचून बरं वाटलं. तुझ्या वर्गातल्या मुलांना कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दाखवताना तू कशी बोलत असशील हे मला इथे बसून ऐकू येतं. पुढची दोन वाक्यं मी लिहून खोडली आहेत, कागद त्यामुळे खराब झाला आहे. माफ कर. शाळेत सिस्टर इम्माकुलाटा अशा कागदाचे दोन तुकडे करून हातात द्यायच्या.

मी बरी आहे. आई ९६ साली गेली. घर तेच, दक्षिण भागातलं, विटांचं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण लॅबच्या जुन्या फ्रीझरची आणि जुन्या वह्यांची चावी अजून माझ्याकडेच आहे, कारण त्यात कुठे काय आहे हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. आपल्या लॅबचे डॉक्टर ब्रँट एकोणनव्वद वर्षांचे आहेत. वृद्धाश्रमात असतात. मी रविवारी जाते. पाय गेले आहेत, डोकं शाबूत आहे.

आता कामाचं. मागच्या महिन्यात टोरांटोहून डॉक्टर शिरीन फराहानी नावाच्या बाईंचं पत्र आलं. त्यांनी पेशींमधून मार्जिनिनचा जीनच काढून टाकला आहे. आता हे करता येतं, आपल्या वेळी स्वप्नात नव्हतं. म्हणजे त्या पेशींमध्ये मार्जिनिन हे प्रथिन तयारच होत नाही. तरीही आपलं एकेचाळीस नंबरच्या सशाचं सीरम त्यांच्यावर घातलं की पेशीची कड हिरवी उजळते. जे घरात नाहीच त्याच्या खिडकीत दिवा. मग त्यांनी नव्या सशांपासून नवीन सीरम केलं. त्याने साध्या पेशींमध्ये केंद्रक उजळतं, आणि जीन काढलेल्या पेशींमध्ये काहीच नाही.

केंद्रक, कोरिन. तू म्हणत होतीस तिथेच.

बाईंनी नम्रपणे विचारलं आहे की मार्जिनिन पेशीच्या कडेला असतं असं सांगणाऱ्या १९८३च्या पेपराच्या वेळच्या नोंदी पाहता येतील का. आमच्याकडून तेव्हा काही गफलत झाली असावी असं मलाही वाटतं. तुझ्या निळ्या वह्या, ज्यात चव्वेचाळीस, पंचेचाळीस आणि सेहेचाळीस नंबरच्या सशांचे फोटो चिकटवले होतेस, त्या तू जाताना घेऊन गेलीस असं मला आठवतं. त्या आहेत का? असतील तर तुझं म्हणणं सर्वांत आधीचं होतं हे दाखवता येईल.

तुझी,
लोरेटा हावरकँप


२ एप्रिल २०१९

प्रिय कोरिन,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ आहे: 'वह्यांचं नंतर. आधी त्या गुरुवारच्या रक्ताबद्दल लिही.'

अक्षर अजिबात बदललेलं नाही.

ठीक आहे. तुला सगळं पाठ आहे, तरी क्रमाने लिहिते, म्हणजे मला मधून पळवाट राहणार नाही. तू ८२ साली आलीस. ही गोष्ट ८१च्या एप्रिलची आहे.

सशाला मार्जिनिन टोचायचं. सशाचं रक्त त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. ते रक्त गोठवून वरचं पिवळसर सीरम काढायचं आणि पेशींवर घालायचं. पेशीत जिथे मार्जिनिन असेल तिथे ती प्रतिपिंडं चिकटतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती जागा हिरवी दिसते. पण काही सशांच्या रक्तात मुळातच, कोणी काही न टोचता, भलतीच प्रतिपिंडं असतात. म्हणून नियम असा की टोचण्याआधी त्याच सशाचं थोडं रक्त काढून ठेवायचं. पहिलं रक्त. ते पेशींवर घातलं तर सगळं काळं दिसायला हवं. तसं दिसलं तरच पुढच्या हिरव्याला अर्थ. हे काम माझं होतं.

चाळीस आणि एकेचाळीस हे दोन ससे त्या आठवड्यात टोचायचे होते. डॉक्टरांसाठी नंबर, आपल्यासाठी नन. चाळीस म्हणजे सिस्टर अॅग्नेस, स्वतःहून कान पुढे करणारी. एकेचाळीस म्हणजे सिस्टर क्लोटिल्ड. दात करकरायची, मागचे पाय झाडायची, आणि कानाची शीर काही केल्या वर येऊ द्यायची नाही. (तू आल्यावर पहिल्याच दिवशी तिला बघून 'ही तर आमच्या लॅटिनच्या बाई' म्हणालीस, आणि तू माझ्याच शाळेची आहेस हे मला तेव्हा कळलं.)

पवित्र आठवड्यातला गुरुवार होता. चर्चमधल्या संध्याकाळच्या मासला मी गाणार होते, पाच वाजता तालीम. चाळीसचं रक्त पाच मिनिटांत निघालं. एकेचाळीसचा कान मी चोळला, दिव्याखाली धरला, कोमट पाण्याने शेकला. तीनदा सुई घातली. थेंब नाही. पावणेपाच वाजले. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर स्वतः टोचणार होते आणि मला गुड फ्रायडेची सुट्टी होती.

मी चाळीसचं रक्त दोन नळ्यांत वाटलं. दुसरीवर '४१, पहिलं' असं लिहिलं. ससा तो ससा, असं माझ्या मनात आलं. वहीत दोघींच्या नावापुढे वेळ लिहिली, पाच पाच मिनिटांच्या फरकाने. मग गाडी काढली. तालमीला चार मिनिटं उशीर झाला.

एवढंच. तो डाव नव्हता, कोणाला फसवायचं नव्हतं. पेपरातलं दुसरं चित्र तुझ्यासमोर आहेच. डावीकडे काळं, खाली लिहिलंय 'टोचण्याआधी'. उजवीकडे हिरवी कड, 'टोचल्यानंतर'. डावीकडचं रक्त एका सशाचं आहे आणि उजवीकडचं दुसऱ्या. अकरा हजार चारशे लोकांनी त्या चित्राचा हवाला दिला आहे. दर जानेवारीत ग्रंथालयात त्या जाड संदर्भसूच्या आल्या की डॉक्टर स्वतः जाऊन मोजायचे, आणि हजार भरले की सगळ्यांना लोण्याचा चिकट केक. मीही खाल्ला आहे, अकरा वेळा.

आता ८५चा नोव्हेंबर. बुधवारची बैठक. तू तीन फोटो लावलेस. तिन्ही सशांच्या सीरमने केंद्रक उजळलं होतं. डॉक्टर म्हणाले, "तीन वाईट ससे."

"तीन वाईट आणि एक चांगला?" तू म्हणालीस. "की उलटं?"

दोघंतिघं हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले की एकेचाळीसचं पहिलं रक्त काळं आहे, त्यामुळे कड मार्जिनिनचीच, वादच नाही. तेव्हा तू मान वळवलीस. वहीतल्या वेळा तू पाहिल्या होत्यास. क्लोटिल्ड पाव तासाच्या आत कधी कोणाला रक्त देत नाही हे लॅबमध्ये तुझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं.

"लोरेटा, त्या नळीतलं रक्त तिचंच आहे ना? तू स्वतः काढलंस?"

"हो," मी म्हटलं. "स्वतः."

त्यावर डॉक्टर म्हणाले, "कोरिन, सशांकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचे हात स्वच्छ ठेवायला शिक." तू फोटो उतरवलेस, टाचण्या मोजून डबीत टाकल्यास. दोन आठवड्यांनी तुझं टेबल रिकामं झालं, पदवी अर्धीच राहिली.

मला नोकरी जाण्याची भीती वाटली होती. आई तेव्हा माझ्यावरच अवलंबून होती. हे कारण आहे, सबब म्हणून लिहीत नाही.

लोरेटा


२० एप्रिल २०१९
ईस्टरच्या आदला दिवस

प्रिय कोरिन,

तुझं उत्तर आलेलं नाही. ते योग्यच आहे, कारण मागच्या पत्रात मी 'एवढंच' असं लिहिलं आणि ते एवढंच नव्हतं. तू विचारलं नाहीस, म्हणून मी लिहिलं नाही. अशा मौनालाही खोटंच म्हणायचं हे आपल्याला दुसरीत शिकवलं होतं.

त्या गुरुवारनंतर शुक्रवारी डॉक्टरांनी दोघींना टोचलं. शनिवारी मी लॅबमध्ये गेले. सुट्टी होती, कोणी नव्हतं. मनाला लागलं होतं. क्लोटिल्ड त्या दिवशी का कोण जाणे शांत बसली आणि तिने मला रक्त दिलं. टोचून एकच दिवस झाला होता, एका दिवसात कुठलाही ससा प्रतिपिंडं बनवू शकत नाही, तेव्हा ते पहिल्या रक्तासारखंच. खरं तर तेव्हाच नळी बदलायची. पण वहीत गुरुवार लिहून झाला होता, खाडाखोड केली की डॉक्टर कारण विचारणार. मी त्या नळीवर '४१, दुसरा दिवस' लिहिलं आणि फ्रीझरच्या तळाशी ठेवून दिली.

८७च्या उन्हाळ्यात आपण नव्या इमारतीत गेलो. आपण म्हणजे आम्ही. तू गेली होतीस. फ्रीझर रिकामा करताना ती नळी हाताला लागली. पुढच्या रविवारी दुपारी, मासनंतर, मी एकटी लॅबमध्ये गेले आणि ते सीरम पेशींवर घातलं. सोबत चाळीसचंही.

चाळीसचं काळं. एकेचाळीसचं, टोचल्यानंतर एका दिवसाचं, कडेने हिरवंगार.

म्हणजे ती कड क्लोटिल्डच्या रक्तात जन्मापासून होती. मार्जिनिनशी तिचा काही संबंध नव्हता. त्या प्रथिनाचं नावसुद्धा डॉक्टरांनी कडेवरून ठेवलेलं, आणि ते कडेला कधी नव्हतंच. अंधाऱ्या खोलीत मी फोटो धुतले, वाळवले, पाकिटात घातले. घरी येऊन आईसाठी बटाट्याचं सॅलड केलं. हे सगळं मला स्पष्ट आठवतं. मी रडले वगैरे नाही.

म्हणजे, कोरिन, ८५ साली मी खोटं बोलले तेव्हा मला खरं काय ते ठाऊक नव्हतं. ८७पासून ठाऊक होतं. तेव्हा तू कुठे आहेस हे शोधायला एक फोन पुरला असता, तुझी आई अजून सेंट जेनेव्हीव गावातच राहत होती.

त्याऐवजी मी नळ्या पाठवत राहिले. छापील पोस्टकार्डं यायची ना, 'आपल्या पेपराची प्रत आणि शक्य असल्यास सीरम पाठवावे'. मागेल त्याला फुकट द्यायचं हा आपल्या धंद्याचा रिवाज. आपण दोघी त्या कार्डांवरची तिकिटं वाटून घ्यायचो, तुला पक्षी, मला फुलं. मी सुक्या बर्फात नळी ठेवायची, वर चिठ्ठी लिहायची, 'आमच्या शुभेच्छांसह'. ओसाका, उप्साला, ब्वेनोस आयरिस. सगळीकडे कड उजळली, कारण सगळीकडे तेच रक्त होतं. एकाच सशाने जगभर साक्ष दिली. ज्या थोड्यांनी स्वतःचे ससे पाळून पाहिले त्यांना केंद्रक दिसलं असेल, आणि त्यांच्याही डॉक्टरांनी त्यांना हात स्वच्छ ठेवायला सांगितलं असेल. ८७नंतर मी सहाशे बारा नळ्या पाठवल्या. यादी माझ्याकडे आहे.

'दुसरा दिवस'ची नळी अजून अर्धी शिल्लक होती. ती मी सोमवारी डॉक्टर फराहानींना पाठवली, ८७च्या फोटोंसकट आणि काय झालं ते लिहून. त्यांचा फोन आला. पोरगी सभ्य आहे. म्हणाली, "मिस हावरकँप, मी पाच वर्षं या कडेमागे घालवली." तिने मला याहून जास्त काही ऐकवलं नाही, ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

आता पुढे काय करायचं ते तिने सांगितलं. जुना पेपर मागे घ्यायचा, आणि त्याच नियतकालिकात नवा छोटा पेपर द्यायचा. त्यासाठी मी सही करून सगळं सांगायला हवं, डॉक्टर ब्रँटना सांगायला हवं, आणि तुझे फोटो हवेत. तुझ्या फोटोंशिवाय ती गोष्ट एका चुकीची होते. मला ती तुझी व्हायला हवी आहे.

डॉक्टरांना मी अजून सांगितलेलं नाही. सप्टेंबरात विद्यापीठ एका सभागृहाला त्यांचं नाव देणार आहे. ते गेल्यावर सांगावं असं वाटायचं. परवा त्यांच्या खोलीत बसून हाच विचार करत असताना माझ्या लक्षात आलं की मी त्यांच्या मरणाची वाट पाहते आहे. हेही तुला सांगून ठेवते.

लोरेटा


७ मे २०१९

प्रिय कोरिन,

तू फोन करशील असं वाटलं नव्हतं. तुझा आवाज जाडा झाला आहे. 'अगं, अजून मासला गातेस का, की आता वेळेवर पोचतेस?' हे तू पहिलंच वाक्य बोललीस आणि मी फोन दुसऱ्या हातात घेतला. मला ते लागायला हवं होतं, आणि लागलं.

तू सांगितलंस ते मी नीट लिहून ठेवलं आहे, म्हणजे नंतर मऊ करून आठवणार नाही. क्षमा हवी असेल तर पाद्र्याकडे जा. वह्या हव्या असतील तर मिळतील. नाव हवं, आणि खाली आभारात नको, वर हवं. आणि म्हातारा जिवंत असताना हवं.

मान्य. रविवारी मी डॉक्टरांकडे गेले.

केक कापून दिला, मग त्यांनी काटा उचलायच्या आत सांगायला सुरुवात केली, नाहीतर माझं धैर्य केकबरोबर संपलं असतं. गुरुवार, शनिवार, ८५, ८७, टोरांटो. त्यांनी एकदाही थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी बशी बाजूला सारली आणि बुधवारच्या बैठकीत विचारायचे तसं विचारलं:

"दुसऱ्या दिवसाचं सीरम किती पातळ केलं होतंस?"

"एकास शंभर. पेपरातल्याइतकंच."

"चाळीसचं त्याच वेळी लावलंस? त्याच पेशींवर?"

"त्याच."

"फोटोला उजेड किती?"

"दोन्हींना तीस सेकंद."

ते बोटांनी खुर्चीच्या हातावर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, "मग बरोबर आहे." आणि थोड्या वेळाने, "तेव्हा का नाही बोललीस?"

मी नोकरीचं सांगितलं, आईचं सांगितलं. ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले, तेव्हा उरलेलंही सांगितलं. त्या फोटोकडे बघताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा दुसऱ्या कशाकडे बघताना मी कधी पाहिला नाही, आणि तो घालवायचा मला धीर झाला नाही. कोरिन, हे मी चाळीस वर्षांत कोणाला बोलले नव्हते. तुला तेव्हाही ते दिसत होतं बहुधा. तू मला चिडवायचीस, 'डॉक्टरांची मठवासिनी' म्हणायचीस.

त्यांनी त्यावर काही म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

"रक्त तू बदललंस," ते म्हणाले. "पण एका सशावर अख्खा पेपर मी उभा केला. दुसरा ससा जुळेना तेव्हा सशाला वाईट ठरवलं. तिसरा, चौथा जुळेना तेव्हा मुलीला वाईट ठरवलं. हे तू नाही केलंस, लोरेटा. ती बरोबर काम करत होती. मी तिला हात धुवायला सांगितलं."

"आठवतं तुम्हाला?"

"ती टाचण्या मोजत होती," ते म्हणाले.

मग कामाचं बोलले. त्यांचं नाव शेवटी घालायचं, जिथे लॅबच्या प्रमुखाचं असतं, कारण लॅब त्यांची होती. पहिलं नाव कोणाचं हे मी विचारलं, तर म्हणाले, हा काय प्रश्न झाला. विद्यापीठाला ते स्वतः कळवणार आहेत. "पितळेची अक्षरं करणार होते ना सभागृहावर? म्हणावं, खडूने लिहा. पुसायला सोपं."

मी निघाले तेव्हा केक तसाच होता. परिचारिकेला सांगून आले की संध्याकाळी खाल्ला नाही तर मला कळवा. तिने कळवलं, खाल्ला नाही.

लोरेटा


१९ जुलै २०१९

प्रिय कोरिन,

वह्या पोचल्या. तिन्ही. डिंक वाळून फोटो सुटे झाले होते, मी प्रत्येकाच्या मागे तुझ्या पेन्सिलीचा नंबर बघून जागच्या जागी ठेवले. पेन्सिल फिकी झाली आहे, केंद्रकं फिकी झालेली नाहीत. डॉक्टर फराहानींना त्यांचे स्वतःचे फोटो शेजारी ठेवून फरक सांगता आला नाही. दुसऱ्या दिवसाच्या नळीनेही टोरांटोत तेच दाखवलं जे ८७ साली मला दाखवलं होतं. वह्यांच्या प्रती काढून झाल्या, मूळ वह्या आज विमा उतरवून परत पाठवते आहे. समासात तू काय काय लिहून ठेवलं आहेस ते मी वाचलं नाही असं म्हणणार नाही. क्लोटिल्डचं चित्र हुबेहूब आहे. १३ नोव्हेंबर ८५च्या पानावर माझ्याबद्दल जे आहे तेही.

पेपर लिहून झाला. चार नावं. नियतकालिकाचा हल्ली असा नियम आहे की प्रत्येक लेखकाने नेमकं काय काम केलं ते एका चौकटीत लिहायचं, आणि ते पेपराखाली छापतात. आपल्या वेळी हे नव्हतं. असतं तर काय लिहिलं असतं, देव जाणे.

तू तुझ्या चौकटीत लिहून पाठवलंस: 'मी हे पाहिलं आणि तेव्हाच सांगितलं.'

मी ते तसंच पुढे पाठवलं. काल संपादकीय कार्यालयातून उत्तर आलं. मसुदा स्वीकारला आहे, फक्त या ओळीला हरकत आहे. 'प्रयोगांची आखणी, प्रतिमा मिळवणे' असं लिहावं म्हणतात. 'तेव्हाच सांगितलं' हे वैज्ञानिक योगदान ठरत नाही. तू काय म्हणतेस ते कळव. तोवर मी होकार देत नाही.

लोरेटा


२४ ऑक्टोबर २०१९

प्रिय कोरिन,

तू उत्तरात कार्डावर एक शब्द लिहिलास, 'बघ'. मी बघितलं.

मी त्यांना लिहिलं की ते वाक्य बदलता येणार नाही. त्यांनी नियमावलीतलं कलम पाठवलं. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी सुचवलं की 'निष्कर्ष त्या वेळी सहकाऱ्यांना कळवले' असं चालेल. मी म्हटलं, नाही, असं कळवलं नव्हतं, सांगितलं होतं, सगळ्यांसमोर, आणि तिला त्याची किंमत पडली. डॉक्टर फराहानी काळजीत होत्या. एका ओळीसाठी पेपर अडतोय, आणि तो अडला की त्यांच्या हाताखालच्या दोन विद्यार्थ्यांच्या पदव्याही अडतात. त्यांचं बरोबर होतं. मी त्यांची माफी मागितली आणि अडून बसले. तिसऱ्या वेळी मुख्य संपादकांचा फोन आला. गोड बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, योगदान म्हणजे लेखकाने केलेलं काम."

मी म्हटलं, "हेच काम होतं. त्या खोलीत आम्ही नऊ जण होतो. बाकी आठांपैकी कोणी ते केलं नाही."

ते म्हणाले, बघतो. आठवड्याने मुद्रितं आली.

तुझ्यापर्यंत पोचलं नसेल म्हणून इतर बातम्या देते. जुन्या पेपरावर आता लाल पट्टी आहे, 'मागे घेतला'. ती लागल्यापासूनही नऊ जणांनी त्याचा हवाला दिला आहे, लोक पट्टी वाचत नाहीत. सभागृहाचा कार्यक्रम 'वेळापत्रकाच्या अडचणीमुळे' पुढे ढकलला आहे, पुढची तारीख नाही. डॉक्टर थकले आहेत, पण पेपर त्यांनी दोनदा वाचला आणि एक स्वल्पविराम काढायला लावला. माझ्याकडून फ्रीझरची चावी काढून घेतली गेली, ते योग्यच आहे. सहाशे बारा पत्त्यांवर मी पत्रं पाठवते आहे. बरीच परत येतात, माणसं गेलेली आहेत.

माझ्या चौकटीत मी लिहिलं होतं: 'सशांची निगा. एकेचाळीसचं पहिलं रक्त घेतलं नाही, चाळीसचं त्या नावाने ठेवलं. १९८५ साली विचारल्यावर खोटं सांगितलं.' त्याला कोणी हरकत घेतली नाही.

तू येऊ नकोस म्हणाली होतीस. येत नाही. अंक सोबत आहे, दोन प्रती, एक शाळेत द्यावीशी वाटली तर. पान दोनशे सहा. पहिलं नाव कोरिन टेबो, आणि त्यासमोर तुझी ओळ, अक्षरही न बदलता.

लोरेटा